विसाजीपंतांच्या न पुसलेल्या कोड्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, शारदा प्रसन्न, आणि ज्याने सृष्टीचे पहिले कोडे घातले व उत्तर आपणापाशीच ठेविले तो परमेश्वरही प्रसन्न असो. राज्यशके बावन्न, दुर्मुखनाम संवत्सर, माघ वद्य तृतीया, मंदवार, ते दिवशी हुजुरांची आज्ञा जाहली की, राजधानीचे पाठशाळेचे पंतोजी राजश्री विसाजीपंत हे पाच महिने जाहले शाळा सोडून घाटापलीकडे एका गवळवाड्यावर जाऊन बसले आहेत, तीन हुकूम गेले, तिन्ही हुकुमांस ‘येतो’ म्हणोन उत्तर आले आणि पंत काही आले नाहीत. तरी ते कोणत्या कारणे गेले आणि कोणत्या कारणे परतत नाहीत हे समक्ष जाऊन, पाहून, पुसून, मुळापासून लिहून कळविणे. आज्ञेप्रमाणे सेवक गेला, पाहिले, पुसले आणि लिहिले. यात पदरचे फार थोडे आहे, आणि जे आहे ते राहवले नाही म्हणोन आले आहे.

या राज्यास किल्ले अकरा आणि हत्ती चार, त्यांतील एक म्हातारा. शेजारचे राज्यात किल्ले चाळीस आणि हत्तींची तर गणतीच नाही. परंतु आमची कीर्ती किल्ल्यांची नव्हे, भिंतीची. पाठशाळेची पूर्वेकडील भिंत काजळीने सारवून काळी केली होती, आणि तिजवर विसाजीपंत रोज सूर्य उगवावयाचे आत खडूने एक कोडे लिहीत, आणि मग मुले येत, आणि मुलांमागे मुलांचे बाप येत, आणि बापांस कचेरीस उशीर होई, आणि उशीर कशाने जाहला हे पाहावयास कारभारी स्वतः येत, तेही तेथेच मान वर करून उभे राहत. एके समयी शेजारचे राज्याचा वकील तहाची कलमे घेऊन वेशीत आला, तो पहारेकरी कोड्यात गुंतलेले, कोणी हटकले नाही. मग वकीलसाहेबही दोन घटका भिंतीपाशी रेंगाळले आणि उत्तर न येताच दरबारी गेले, सबब तहात त्यांचे चित्त लागले नाही आणि दोन परगणे आम्हांस अनायासे मिळाले. हुजुरांस हे ठाऊकच आहे.

या कोड्यांचे कायदे पंतांनीच घातले आणि गादीपुढे शपथ वाहून घातले. पंतोजीने उत्तर आपले तोंडे सांगू नये. ज्यास उत्तर येईल त्याने ते पंतांच्या कानात सांगावे, म्हणजे दुसऱ्याची मौज जात नाही. जो पहिला बरोबर सांगेल त्याचे कपाळी पंतांनी खडूचा टिळा लावावा, आणि पहिल्याचा टिळा लागल्यावाचून भिंत पुसू नये. टिळा लावून मूल घरी निघाले म्हणजे बाजारातील माणसे बाजूस होऊन वाट देत. लढाईत तलवार मारून आलेल्या शिलेदारासही तेवढी वाट मिळत नसे, यावरून शिलेदार पंतांवर किंचित रागावूनच असत.

आता साळूची गोष्ट. राणोजी गवळी याची ती लेक, वय बारा. पाठशाळेत तिचे नाव नव्हते. पहाटे वाड्यातील मुदपाकखान्यात दूध घालावयास ती भिंतीवरून जाई, सबब सर्वांचे आधी कोडे तिचेच नजरेस पडे, आणि डोईवर चरवी तशीच धरून ती उभी राही, आणि चरवीतले दूध हिंदकळण्याचे आत उत्तर घेऊन पंतांपाशी येई. पहिल्या दिवशी पंत म्हणाले, “तू कोण गं? पाठशाळेत तर नाहीस.” ती म्हणाली, “न्हाई. पर भित्त तर रस्त्याच्या अंगाला हाय न्हवं?” पंतांनी कान पुढे केला आणि मग टिळा लावला.

पुढे तीन वर्षे टिळा बहुतकरून साळूचाच. पंतांचे घरी दुसरे कोणी नव्हते, पुस्तके आणि एक खोड्याळ मांजर एवढाच परिवार. आणि मग असे जाहले की पंत रात्री जेवून उठले की कोडे मुलांसाठी न रचता साळूसाठी रचू लागले. हे ते कोणापाशी कबूल करीत नसत, परंतु कोडे भिंतीवर पूर्वीपेक्षा वीतभर खाली येऊ लागले ते कशासाठी, हे गावास दिसत होते. ती कानाशी लागून उत्तर सांगे आणि वर म्हणे, “आजचं लई सोपं व्हतं, गुर्जी. बरं वाटत न्हाई का?” पंत डोळे वटारीत आणि दिवसभर मिशीत हसत. ऐसे सुख मनुष्यास मिळते तेव्हा ते सुख आहे हे त्यास कळत नाही, हीच मोठी खोड आहे.

मग राज्यशके एकेचाळीस, राज्याभिषेकाचा दिवस आला, आणि थोरले महाराज कैलासवासी त्या काळी गादीवर होते, त्यांनी भिंत पाहावयास येण्याचा बेत केला. पंतांनी आठ दिवस खपून कोडे योजिले. एका हंड्यात दूध दहा शेर, जवळ दोन रिकामी भांडी, एक सात शेरांचे आणि एक तीन शेरांचे, मापावर खूण कोठेही नाही, तरी ओतून ओतून बरोबर पाच-पाच शेर वेगळे करावे. उत्तम कोडे. नऊ वेळा ओतले की सुटते. परंतु पहाटेस हुजऱ्या धावत आला की स्वारी निघाली, आणि पंत घाबरले, आणि सात व तीन लिहावे ते सहा व चार लिहून गेले. बेरीज दोहोंचीही दहाच, सबब डोळ्यास चूक दिसली नाही. पंतोजी लोकांची चूक ऐशीच असते. बेरीज जुळली की पुन्हा पाहत नाहीत.

महाराज आले, चाळीस मानकरी आले, साळूही चरवी घेऊन आली. सर्व मुले बोटे मोजीत उभी राहिली आणि साळू घटकाभर भिंतीकडे पाहत राहिली. मग कानाशी न जाता तेथूनच मोठ्याने बोलली, “गुर्जी, हे व्हायचं न्हाई.” पंत म्हणाले, “काय होत नाही?” ती म्हणाली, “पाच शेर. दहा जोडाचा, सहा जोडाचा, चार जोडाचा. जोडानं वतलं, जोडानं काढलं, मंग येकटा शेर कुठनं यील? कितीबी वता. मी रोज माप घालती, मला ठावं हाय.” मानकरी एकमेकांकडे पाहू लागले, आणि महाराजांनी पंतांकडे पाहिले. पंतांनी भिंतीकडे पाहावयाचे होते, तेवढेच पाहिले नाही. अब्रू जाते असे वाटले आणि तोंडून निघून गेले की, “उत्तर न आले म्हणजे कोडेच चुकले म्हणावे, ही रीत गवळवाड्याची असेल, पाठशाळेची नव्हे.” यावर चाळीस मानकरी पोट धरून हसले. मानकऱ्यांस हसावयास फार लागत नाही. साळू हसणे संपेतो उभी राहिली, मग चरवी उचलली आणि गेली.

त्याच दुपारी पंत घरी गेले, शेजारणीकडून सहाचे आणि चाराचे माप मागून आणिले आणि पाणी ओतून पाहिले. पहिल्या चार ओतण्यांतच त्यांस चूक उमगली, तरी सांजवेळेपर्यंत ओतीतच बसले. मनात म्हणाले, पोरीने बरोबर उत्तर दिले. होत नाही, हेच उत्तर. पहिला टिळा तिचा. आत्ताच उठून गवळवाड्यावर जावे असेही मनात आले. परंतु लाज आडवी आली, आणि लाजेने एक सोयीची गोष्ट कानात सांगितली की, उद्या पहाटे ती दूध घेऊन येईलच, तेव्हा सांगू.

दुसरे दिवशी दूध दुसऱ्याच गवळ्याने आणिले. तिसरे दिवशीही त्यानेच. चौथे दिवशी पंत गवळवाड्यावर गेले, तो तेथे खुंट तेवढे उभे. गवळ्यांची रीतच ऐशी की गवत संपले की वाडा हलवावा, आणि त्या साली राणोजीचा वाडा गवताच्या मागे घाटापलीकडे उतरला तो परत आलाच नाही; कोणी म्हणाले पुढे गेला, कोणी म्हणाले वाडा फुटून जो तो आपल्या सोयऱ्यांकडे गेला. पंत खुंटांत बराच वेळ उभे राहिले. मग घरी आले.

आता भिंत अडली. पहिल्याचा टिळा लागला नाही, सबब पुसता येत नाही. महिना गेला, वर्ष गेले. दुसऱ्या हुशार मुलांनीही कानाशी लागून सांगितले की गुरुजी, हे होत नाही. पंत म्हणत, “शाबास. परंतु तू दुसरा.” पुढे तिसरा, पुढे साठावा. मुलांस पंत शाळेच्या आत तोंडी कोडी घालीत, पण भिंतीपाशी गर्दी होईना, बाप वेळेवर कचेरीस जाऊ लागले आणि राज्याचा कारभार नीट चालू लागला, त्याने सर्वांस उदास वाटे. शेवटी कारभारी पंतांस एकीकडे घेऊन म्हणाले, “पंत, सहाचा सात करावा, चाराचा तीन करावा. कितीसा खडू लागतो? कोणास कळणार आहे?” पंत म्हणाले, “तिला कळेल. तिचे खरे होते ते मी एका रेघेने खोटे करू, आणि मग ती आली तर कोणत्या तोंडाने तिच्यापुढे उभा राहू?” कारभारी म्हणाले, “ती येत नाही हो.” पंत म्हणाले, “तेही खरे.”

परंतु चाळीस वर्षांची सवय. पहाट जाहली की डोक्यात कोडे तयारच, आणि लिहावयास भिंत नाही. तेव्हा पंतांनी असे केले की उजाडताना वेशीत जाऊन उभे राहावे आणि वंजारी, तेली, कासार, गोसावी, जो कोणी गाव सोडून निघाला असेल त्यास त्या दिवसाचे कोडे तोंडपाठ करवावे आणि म्हणावे, “जेथे गवळ्यांची वस्ती लागेल तेथे हे सांग. ज्यास उत्तर येईल त्याचे नाव घेऊन ये.” ऐसी अकरा वर्षे. रोज एक कोडे वेशीतून बाहेर पडे आणि देशोदेशी जाई, आणि तिकडून उत्तरे येत. नदीकाठच्या कोळ्याचे आले, एका तुरुंगातून आले, जो वकील पूर्वी भिंतीपाशी अडला होता त्याचेही आले, आणि ते चुकीचे होते. पंत प्रत्येकास पहिला प्रश्न करीत, “नाव काय सांगितले?” नाव ऐकीत, आणि बरे म्हणून घरी जात. वाट पाहणाऱ्याचे दुःख मरण पाहिलेल्यापेक्षा वाईट. मरण एकदाच पाहावे लागते, हे रोज पहाटे उठून नव्याने. पंतांची मिशी पांढरी जाहली. कोड्यांत मात्र खोट आली नाही.

मग राज्यशके बावन्न, आश्विन मासी हरबा कासार, जो दर दोन महिन्यांनी घाटापलीकडे बांगड्या भरावयास जातो, तो वेशीत पंतांस भेटला आणि कुरकुर करू लागला. “पंत, तुमचं कोडं आता दुसऱ्या कुणाला द्या. त्या वाड्यावर येक बाई हाय, तिनं माजा जीव खाल्लाय. हातात बांगडी चढवू देत न्हाई, आदी इचारती, आज काय आणलंस? सांगितलं की गप बसती. बाकीच्या बाया चुकल्या की मान हलविती. आन् उत्तर इचारलं तर म्हनती, मला न्हाई बा येत.” पंतांनी विचारले, “ही केव्हापासून?” हरबा म्हणाला, “झाली की धा-अकरा वर्सं.” पंत म्हणाले, “अरे, मग मला कधी बोलला का नाहीस?” हरबा म्हणाला, “तुमीच म्हनलाव, ज्याला उत्तर येतंय त्याचं नाव आन. तिला कुटं येतंय?” पंत तेथेच धोंड्यावर बसले. शहाण्या माणसाने अकरा वर्षे बोलणाऱ्यांची नावे विचारावी आणि गप्प बसणाऱ्याचे विचारू नये, ही दुसरी चूक. तीही बेरीज जुळल्यासारखीच दिसत होती.

त्याच पावली पंत हरब्यास घेऊन निघाले. अंगावर होते ते उपरणे, कनवटीस खडूचा खडा, एवढेच. तीन दिवस चालले, घाट उतरले, आणि तिसरे दिवशी दुपारी वाड्यावर पोचले. बाया ताकाचे डेरे धूत बसल्या होत्या. त्यांत एक सव्वीस वर्षांची बाई उठून उभी राहिली, आणि तिचे हातातील डेरा तसाच हातात राहिला. पंतांनी तिजला ओळखले आणि पुढे गेले नाहीत. म्हणाले, “सगळी माणसे गोळा करा. मला बोलावयाचे आहे ते सर्वांदेखत बोलावयाचे आहे.” गवळी जमले, गुराखी आले, म्हाताऱ्या आल्या, कोणास काही उमगेना की हा म्हातारा ब्राह्मण उन्हात उभा राहून काय सांगतो. पंत मोठ्याने म्हणाले, “दूध दहा शेर, भांडी सहाचे आणि चाराचे. यातून पाच होत नाही. साळू बरोबर बोलली आणि मी चुकलो, आणि चुकून वर चाळीस माणसांपुढे तिचे हसे केले. हे मी आज येथे सांगतो, राजधानीतही सांगेन.” म्हाताऱ्या एकमेकींस म्हणाल्या, “न्हाईच व्हत की. त्यात काय सांगायचं?”

साळू म्हणाली, “मला तवाच ठावं व्हतं, गुर्जी. तुमास्नी कदी कळलं?”

पंत म्हणाले, “त्याच दुपारी.”

“आन् मंग?”

“मग अकरा वर्षे.”

साळूने डेरा खाली ठेविला, हात लुगड्यास पुसले आणि कपाळ पुढे केले. पंतांनी टिळा लावला, तो वाकडा लागला. मग पंत डोळे पुसून म्हणाले, “बाई, एवढी कोडी तुझ्यापर्यंत आली, एकाचे तरी उत्तर द्यावयाचे होतेस. येत नव्हते असे मी मरेपर्यंत मानणार नाही.” साळू म्हणाली, “समदी येत व्हती. पर उत्तर सांगितलं की नाव सांगाया लागतंय. नाव तुमास्नी कळलं की तुमी कोडी धाडायचं बंद केलं असतं. मी रागात व्हते, गुर्जी. लई वर्सं व्हते. पर हरब्याची वाट बघत व्हते त्यो राग न्हाई, त्ये दुसरंच कायतरी.” यावर पंतांस काय वाटले ते लिहिण्यास सेवकाची लेखणी अपुरी आहे. हरबा कासार मात्र रडला, हे खास.

मग साळू पदराने नाक पुसून म्हणाली, “आता सांगा, आजचं काय आणलंय?” तीन दिवस वाटेने पंतांचे डोक्यात साळूवाचून दुसरे काही नव्हते. उभ्या जन्मात प्रथमच विसाजीपंतांपाशी त्या दिवसाचे कोडे नव्हते. साळू म्हणाली, “मंग माजं घ्या. म्हशी सात, गोठे तीन. कोनचा गोठा रिकामा ठिवायचा न्हाई, आन् कोनच्याबी गोठ्यात जोडाच्या आकड्यानं म्हशी बांधायच्या न्हाईत. सुटलं की मला सांगा, आन् मंग जावा घरला.” पंत म्हणाले, “बरे.” आणि ओसरीवर बसले.

त्यास आज पाच महिने जाहले. सेवक आज्ञेप्रमाणे तेथे पोचला तेव्हा पंत ओसरीवर सात खडे मांडून बसले होते, कधी इकडचा खडा तिकडे करीत, कधी तिकडचा इकडे, आणि साळू समोर दूध मापीत होती. सेवकाने म्हटले, “पंत, हुजुरांचा हुकूम आहे, चलावे.” पंत म्हणाले, “येतो. एवढे कोडे सुटले की येतो.” सेवक फार बुद्धिमान नव्हे, परंतु पायताण काढीपर्यंत त्यासही उत्तर आले. वाड्यातील एक चार वर्षांची पोर तर सेवकाच्या मांडीवर बसून बोटांवर सांगू लागली की, तीन, तीन आणि एक. पंतांनी तिजकडे डोळे वटारले आणि ती पळाली. मग सेवक हळूच म्हणाला, “पंत, हे कोडे तर...” पंत खड्यांवरून नजर न काढता म्हणाले, “फार अवघड आहे हो. वेळ लागेल.” साळू माप खाली न ठेवता म्हणाली, “लागू द्या.”

सबब एकंदर तपशील हुजुरांस विदित व्हावा तो येणेप्रमाणे. पहिला टिळा लागला, तरी भिंत पुसून दुसऱ्या पंतोजींनी नवे कोडे घालण्यास हरकत नाही. सहा आणि चार यांचे ठायी चूक होती असे जाहीर करावे, विसाजीपंतांची तशी विनंती आहे. चौथा हुकूम पाठवू नये. विसाजीपंत कोडे सोडवीत आहेत आणि ते त्यांस सुटेल असे सेवकास वाटत नाही.